तिसऱ्या माणसाचा हवालदार

वाशीमच्या बाजारचौकात मोटार असो की नसो, हरिभान हवालदार हात हलवत उभा असायचाच. तेव्हा गावात मोटारी होत्या किती? एक कापसाच्या जिनवाल्या शेटची, एक तहसीलदार साहेबांची, रिसोडला जाणारी ती खडखडी सर्व्हिस गाडी आणि एक माझी. बाकी सगळी सडक बैलांची, बकऱ्यांची आणि पायी चालणाऱ्यांची. तरी हा बुवा सकाळी पायाला पट्ट्या गुंडाळून चौकात यायचा, दगडावर चढायचा आणि रिकाम्या सडकेला उजव्या हातानं थांबवायचा, डाव्या हातानं सोडायचा.

मी एकदा न राहवून विचारलंच, "हवालदार, कोनाले थांबवून राह्यले? सडकेवर कुत्रं नाई."

"मंग काय मोटार आल्यावर हाताले शिकवू?" तो म्हणाला. "हाताले सवय पाह्यजे, बापू."

मी कापसाचा दलाल. खेडोपाडी फिरून माल बघायचा, सौदा जमवायचा आणि जिनवाल्याच्या गळ्यात घालायचा, हा धंदा. एका रिटायर साहेबाची जुनी मोटार मी हौसेनं घेतली आणि त्या दिवसापासून हरिभान माझ्या मागे लागला. भोंगा बारीक वाजतो, दंड. डावा दिवा मिचमिचतो, दंड. एकदा मागच्या सीटवर सरकीचं पोतं होतं, तर म्हणे माणसाच्या जागेवर माल ठेवला. मी म्हटलं, "पोतं उतरवून तुमाले बसवू काय?" तर त्यानं तेही लिहून घेतलं.

दंडापेक्षा त्याचे सवाल जास्त छळायचे. शिट्टी वाजवून थांबवलं की आधी नाव. मग बापाचं नाव. मग गाव कोणतं, कुठून आला, कुठी चाल्ला, कायले चाल्ला. अहो, मी त्याच्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालो! माझ्या बापाच्या मयतीला हा माणूस खांदा द्यायला होता. तरी मला विचारायचा, "बापाचं नाव?" रागाच्या भरात मी एकदा म्हटलं, "तुमालेच ठाऊक." तर शांतपणे म्हणाला, "मले ठाऊक हाय. सरकारले नाई."

बैलगाडीवाल्यांचीही तीच गत. आमच्याकडे बाजार करून परत जाताना गाडीवान खुशाल झोपतो, बैल घरची वाट ओळखतात. हरिभानला हे पटायचं नाही. एका भर दुपारी त्यानं अशीच एक गाडी पकडली. झोपलेल्याला उठवण्याऐवजी त्यानं बैलच उलटे फिरवले, उठल्यावर अद्दल घडेल म्हणून. बैल थोडे चालले आणि आपोआप घराकडे वळले. यानं पुन्हा फिरवले, ते पुन्हा वळले. शेवटी कंटाळून हा स्वतःच गाडीवर चढला, कासरा धरून त्या माणसाला त्याच्या दारात नेऊन पोचवलं आणि तिथं उठवून चलान हातात दिलं. त्याच्या बायकोनं दिलेली भाकर खाल्ली आणि पायी परत आला. गाव पोट धरधरून हसलं. मीही हसलो.

मग जर्मन-जपानची लढाई संपली आणि मोटारीच्या विम्याचा कायदा आला. विम्याचा कागद असल्याशिवाय मोटार सडकेवर आणायची नाही. आपल्या मोटारीखाली कोणी सापडलं तर त्याची भरपाई कंपनी देईल, असा तो कागद. त्यात मोटारवाला पहिला, कंपनी दुसरी आणि सापडणारा तो तिसरा माणूस. हरिभानला ठाण्यात हे कोणीतरी समजावून सांगितलं आणि तो तिसरा माणूस जो त्याच्या डोक्यात शिरला, तो शिरलाच.

"पहिल्याजवळ मोटार हाय," तो चौकात उभा राहून ज्याला त्याला सांगायचा, "दुसऱ्याजवळ पैसा हाय. तिसऱ्याजवळ काय हाय? त्याचं कोन पाह्यते?"

लग्नाच्या पंगतीत पाटलांना म्हणाला, "नवरा जेवला, नवरी जेवली. वाजंत्रीवाला तिसरा मानूस हाय, थो जेवला काय?" दोन भावांच्या वाटणीच्या भांडणात पंच डोकं धरून बसले होते, तिथं जाऊन हा विचारतो, "ह्या दोघाइच्यात तिसरा कोन हाय?" कोपऱ्यात त्यांची म्हातारी आई बसली होती. तिच्याकडे तोवर कोणाचं लक्ष गेलं नव्हतं, हेही खरंच. पण ऐकणारा किती ऐकणार? लोक त्याला लांबून बघून गल्ली बदलायला लागले.

माझं तर गल्ली बदलूनही भागेना. विम्याचे पैसे मी अकोल्याच्या एजंटाला वेळेवर भरले होते. कागद काही येईना. दोनदा हरिभाननं मला बिनविम्याचा पकडला, दोनदा कोर्टात उभा केला. दुसऱ्या वेळी मॅजिस्ट्रेट साहेबांनी चष्म्यावरून बघत बजावलं, की पुन्हा मोटार सडकेवर दिसली तर लायसन जप्त. लायसन गेलं की माझा धंदा गेला. मी मोटार आमच्या अंगणातल्या निंबाखाली उभी केली आणि वर ताडपत्री टाकली.

आमचं घर आसेगावच्या सडकेवर, गावापासून कोसभर. तर हा माणूस रोज संध्याकाळी सायकल हाणत तिथं यायचा, ताडपत्री उचलायचा आणि खडूनं चाकापासून जमिनीपर्यंत एक रेघ ओढायचा. दुसऱ्या दिवशी येऊन रेघ जुळते का बघायचा. माझी मोठीमाय ओसरीवरून ओरडायची, "मुडदा बशीवला तुहा! मोटारीची पूजा करून राह्यला का रे?"

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. माझी आई मी रांगत होतो तेव्हाच गेली. मला हिनं वाढवलं, खाऊ घालून आणि शिव्या घालून. तिच्या तोंडाला सगळी पंचक्रोशी भ्यायची. मी नाही भ्यायचो, कारण शिवी देता देता ती ताटात तूप वाढायची.

त्या रविवारी बाजार होता. दुपारी मोठीमाय गाईला टाकायला कडबा काढत होती. गंजीत खालून हात घालून पेंडी ओढायची तिची सवय. शंभरदा सांगितलं होतं, वरून काढ. तिनं हात घातला आणि एकदम मागे घेतला. मनगटावर दोन ठिपके होते. गंजीतून काळं काहीतरी सळसळत कुंपणाकडे गेलं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"चावला मेला," ती म्हणाली. इतकंच. मग मटकन खाली बसली.

बायकोनं तिच्या दंडाला लुगड्याचा काठ बांधला. कोणी म्हणालं, मांत्रिकाला बोलवा. मी म्हटलं, गेला खड्ड्यात मांत्रिक. सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरची मुंबईची लस आली आहे हे मला ठाऊक होतं. पण दवाखाना गावाच्या पलीकडच्या टोकाला आणि मधे बाजार. बैलगाडीनं तास-दीड तास गेला असता. मी ताडपत्री ओढून फेकली, हँडल मारलं. खडूची रेघ चाकाबरोबर फिरून गेली.

मोठीमाय मागच्या सीटवर बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून शिव्या देत होती. सापाला, कडब्याला, मला, मोटारीला. "हळू हाक मुडद्या, सापानं नाई मेली त तुह्या मोटारीनं मरीन!" खरं सांगतो, त्या शिव्या ऐकून मला धीर होता. जोवर शिव्या आहेत तोवर मोठीमाय आहे, एवढंच मी मनाशी घोकत होतो.

गाव आलं. बाजाराच्या तोंडाशी शिव्या बारीक झाल्या. जीभ जड झाल्यासारखे शब्द लडबडायला लागले. आणि नेमकी त्याच वेळी समोरून शिट्टी वाजली.

दगडावरून उतरून हरिभान हवालदार सडकेच्या मधोमध उभा होता, उजवा हात वर करून. त्याच्यामागे सगळा बाजार सांडलेला होता. कांद्याचे ढीग, बांगडीवाल्या, बकऱ्या, गाड्या, पोरं. मी भोंगा दाबला. तो हलला नाही. मी ब्रेक दाबला तेव्हा मोटारीचं नाक त्याच्या पोटाला जवळजवळ टेकलं होतं.

"नाव?" त्यानं विचारलं.

"हवालदार, बाजूले व्हा! मोठीमायले साप चावला!"

त्यानं मान वाकडी करून मागच्या सीटवर बघितलं. मोठीमायच्या पापण्या खाली ओघळल्या होत्या. त्याचा चेहरा बदलला. तरी तोंडातून निघालंच, "इम्याचा कागद आला?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "नाई आला! लायसन घ्या, मोटार घ्या, मले फाशी द्या, पन आता बाजूले व्हा, नाई त अंगावरून घालतो!" हे मी बोललो, आणि घातलीही असती. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

त्यानं बाजाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अशी मोटार बाजारातून नाई जानार, बापू," तो म्हणाला. "दोन-चार जन मरतीन. त्याइचा इमा कोनाजवळ हाय?"

"हवालदार, ती मरून राह्यली!"

"म्हनून त सांगतो." त्यानं टोपी काढून पट्ट्यात खोचली. "मी पुढं पयतो. तू माह्यामागं ये. माह्या पाठीले मोटार लागली त लागू दे, पन माह्यापुढं नको जाऊ. आज तिसऱ्या मानसाची हमी माही."

आणि तो वळून पळायला लागला.

साठीला टेकलेला माणूस, काटकुळ्या पिंढऱ्या. तोंडात शिट्टी, दोन्ही हात पसरलेले. "सरका! सरका बे! बकरी उचल! ए बाई, टोपलं घे!" एरवी त्याला बघून तोंड फिरवणारे लोक आधी हसले. मग त्यांना मागची मोटार दिसली, मोटारीतली मोठीमाय दिसली, आणि बाजार मधोमध फाटत गेला. एक पोरगं सडकेवर बसून चिंचा खात होतं, त्याला त्यानं पळता पळता बखोट धरून उचललं आणि एका बांगडीवालीच्या मांडीवर टाकलं. पुढे एका गाडीचे बैल मोटारीला बघून बुजले, उधळायच्या बेतात. यानं सरळ जाऊन दोघांच्या वेसणी धरल्या आणि अंगानं रेटून गाडी बाजूला दाबली. एका बैलानं शिंग मारलं, तेव्हा त्याची कमीज फाटलेली मला दिसली. तो थांबला नाही.

त्याच्या उजव्या पायाची पट्टी सुटून मागे सडकेवर लोळायला लागली. मला भीती, की ती चाकाखाली आली तर हा तोंडघशी पडेल आणि मोटार त्याच्यावर जाईल. हळू जावं तर मोठीमाय जाते, जोरात जावं तर हवालदार जातो. मागून बायको म्हणाली, "अहो, त्या बोलून नाई राह्यल्या."

मी मागे वळून बघितलं नाही. धीरच झाला नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हटलं, हिला पुन्हा शिवी देऊ दे रे बाप्पा, माझ्या सात पिढ्यांना देऊ दे.

दवाखान्याच्या दारात हरिभान भिंतीला धरून उभा राहिला. त्याची छाती भात्यासारखी चालली होती. मी आणि त्यानं मिळून मोठीमायला आत नेलं.

डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, गंभीर. त्यांनी सुई टोचली, नाडी बघितली आणि म्हणाले, "लस दिली आहे. आता हिचा डोळा लागू देऊ नका. बोलतं ठेवा. श्वास जड झाला की लगेच मला हाक मारा."

मी खाटेशी बसलो. "मोठीमाय," म्हटलं, आणि पुढे शब्दच फुटेना. काय बोलायचं असतं अशा वेळी? बायको रडायला लागली. मोठीमायच्या पापण्या मिटल्या.

तेवढ्यात हरिभाननं स्टूल ओढलं. फाटकी कमीज, एका पायाची पट्टी गायब. खाटेच्या लोखंडावर त्यानं कमरेचा दांडा खणकन वाजवला.

"नाव?"

मोठीमायनं पापण्या ओढून उघडल्या. "मु... मुडदा बशीवला तुहा. मले नाव इचारते?"

"सरकारी काम हाय, माय. नाव सांग."

"गंगा."

"बापाचं नाव?"

"मेला थो."

"मेल्याले नाव नसते काय?"

"आ... आनाजी."

"माहेर?"

"केनवड."

"लगीन कवा झालं?"

"लहान होती. आठवत नाई."

"वऱ्हाड कशानं आलं?"

"गाड्यानं. लय गाड्या होत्या."

"गाड्याइले कंदील होते?"

मोठीमायच्या कपाळाला आठी पडली. ती खरंच आठवत होती. "होते."

"समद्याइले?"

"मामाच्या गाडीले नोता."

"मामाचं नाव?" त्यानं वही काढली. "चलान करा लागते."

"अरे मेल्या, मामा सरगात गेला!"

"मंग त्याले सूट."

डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी तोंडावर रुमाल धरला. हरिभान मात्र जराही हसला नाही. तो विचारत गेला, ती सांगत गेली. कोणत्या वाटेनं आली, नाल्याला पाणी होतं का, गाडी कोणी हाकली, सासूनं पहिल्या दिवशी काय म्हटलं, पोहरादेवीच्या यात्रेत हरवली होती ती कोणाला सापडली. ती पेंगली की दांडा वाजायचा. "झोपाचं नाई, माय. जबानी अर्धी हाय." एकदा तिचा आवाज अगदीच गेला, ओठ निळसर दिसले. डॉक्टर धावत आले, पुन्हा सुई दिली. तरी हरिभान वाकून तिच्या कानाशी विचारतच होता, "मंग माय? मंग सासू काय म्हने? सांग ना वं माय, सासू काय म्हने?"

खूप वेळानं ओठ हलले. "म्हने... पोट्टी काळी हाय."

"अन् तू काय म्हनली?"

"म्हनलं, तुह्या पोरापेक्शा गोरी हावो."

उन्हं कलली, दवाखान्यात दिवे लागले, तेव्हा मोठीमायनं दांडा हातानं दूर लोटला आणि स्वच्छ शब्दांत म्हणाली, "बंद कर आता तुही कचेरी. मले चहा पाह्यजे." डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मान हलवली. मी बाहेर ओसरीवर आलो आणि खांबाला डोकं टेकून लहान पोरासारखा रडलो.

हरिभानही बाहेर आला. पायरीवर बसला, वही मांडीवर घेतली. लिहायला लागला.

"काय लिहून राह्यले?"

"चलान. बिनइम्याची मोटार सडकेवर आनली."

मला हसू यावं की काय, कळेना. मी त्याच्याशेजारी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा, त्यानं न थांबवता. म्हटलं, "हवालदार, तुमी नसते त ती गेली असती. पन एक सांगा. रोज ओळखीच्या मानसाले नाव, बापाचं नाव, कुठी चाल्ला, हे कायले इचारता? गाव कावते तुमच्यावर."

त्यानं पेन्सिल जिभेला लावली.

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "लोकं मले पाहून गल्ली बदलतात. पन बापू, घरी काय हाय? मी अन् चूल. चूल काय बोलते? पोरगी दिली दूर नागपुराकडं, ते गेली बाळंतपनात. तवापासून घरी येनारं कोनी नाई." त्यानं शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "इथं शिट्टी वाजवली का मानूस थांबते. नाव सांगते, गाव सांगते, कुठी चाल्ला थे सांगते. शिव्या देते, देऊ दे. पन थांबते त. शिट्टी नसती त माह्यापाशी कोन थांबलं असतं?"

त्यानं चलानावर माझी सही घेतली आणि सायकल नव्हती म्हणून पायीच घरी गेला.

कोर्टात त्यानं माझ्याविरुद्ध साक्ष दिली, एक अक्षर कमी न करता. मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, "रस्त्यावरच्या लोकांना धोका होता काय?"

"होता साहेब. एका मानसाले होता."

"कोण तो?"

"मी. पन मी राजी होतो."

साहेबांनी चष्मा पुसला, दंड ठोठावला आणि लायसन माझ्याकडेच राहू दिलं.

पुढच्या आठवड्यात अकोल्याहून कागद आला. मी तो काचेला आतून चिकटवला. भोंगा बदलला, दिवे नीट केले. चौकात आलो तर हरिभाननं कागद दोनदा वाचला, मोटारीभोवती एक फेरी मारली. काहीच सापडलं नाही. त्यानं सलाम ठोकला आणि डावा हात दाखवला, जा. मी गेलो. दुसऱ्या दिवशीही त्यानं डावा हातच दाखवला. थांबवणार कशासाठी? आता माझ्यात काही खोटच उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी चौक रिकामा होता. तो दगडावर उभा राहून हात हलवत होता. मला बघून त्यानं डावा हात केला. मी त्याच्यापुढे जाऊन ब्रेक दाबला.

तो दगडावरून उतरून आला, काचेतून आत वाकला. "काय झालं? कायले थांबला?"

"काही नाई झालं."

"कुठी चाल्ला?"

"कुठीच नाई. तुमच्याशी बोलाले थांबलो."

त्यानं शिट्टी तोंडाशी नेली, परत खाली सोडली. मग दोन्ही बाजूंनी त्यानं सडक बघितली. सडकेवर कोणीच नव्हतं.

"चौकात मोटार उभी नाई करता येत, बापू," तो म्हणाला. "बाजूले घे. अन् इंजन बंद कर, पेट्रोल जळते."